नदीवर कॅमेरा लावून बसणाऱ्या मास्तराची गाऱ्हाणी (आणि एक खरा प्रश्न)

काठावरचा | १२ जानेवारी, रात्री ११.२०

इथं बरीच वर्षं नुसता वाचतोय. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. पीएच.डी. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींवर. त्यावर मला आजवर कुणी एकही प्रश्न विचारलेला नाही, त्यामुळे तो विषय इथंच संपला. गेली नऊ वर्षं भिलवडी ते डिग्रज या पट्ट्यात कृष्णेच्या काठी मगरी, पाणमांजरं, पक्षी आणि मुख्य म्हणजे नदी, यांचं चित्रीकरण करतोय. पगारातून. अनुदान वगैरे काही नाही.

लोक म्हणतात, "मज्जाय बुवा तुमची, फिरायचं आणि फोटो काढायचे." म्हणून आजचाच दिवस सांगतो.

साडेचारला गजर. बायकोची झोप मोडू नये म्हणून मोबाईल उशीखाली ठेवतो, तरी मोडतेच. स्कूटरच्या पुढच्या जागेत ट्रायपॉड आडवा, पाठीवर सॅक, सॅकेत ज्वारी भरलेली उशी. ही उशी म्हणजे आमच्या घरचं तंत्रज्ञान. लेन्स टेकवायला विकत मिळते ती महाग, म्हणून बायकोनं जुन्या पँटच्या कापडाची शिवून दिली. एकदा जुलैत भिजली, मी तशीच कपाटात टाकली आणि आठवड्यानं उघडली तर मोड आले होते.

सहाला काठावर. जानेवारीत धुकं इतकं की पलीकडचा काठ नाही, पाणीही नाही, फक्त पाणी उपसणाऱ्या मोटारींचा आवाज. मगर थंड रक्ताची. ऊन अंगावर घेतल्याशिवाय तिची गाडी सुरू होत नाही आणि धुकं फाटून काठाला ऊन लागायला साडेनऊ वाजतात. माझं पहिलं लेक्चर साडेदहाला, वाट पाऊण तासाची. म्हणजे मी ट्रायपॉड आवळायला घेतो आणि ही बाई पाण्यातून डोकं काढते. आज तेच झालं. अर्धं अंग बाहेर आलं, पुढचा उजवा पाय चिखलात रुतला, तो तिनं इतक्या सावकाश काढला की चिखलाचा 'पच्च' आवाज मला पलीकडच्या काठावर ऐकू आला. चार मिनिटं बारा सेकंद मिळाली. मग पळालो. वर्गात गेल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीनं सांगितलं, "सर, कानाला शेवाळ आहे."

आठवड्याला १६ तास शिकवणं, शिवाय प्रॅक्टिकल्सची जर्नलं, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फायली, कुठल्या ना कुठल्या समितीचं इतिवृत्त. या चित्रीकरणाला पदोन्नतीच्या तक्त्यात माझ्या वाट्याला आलेले गुण: शून्य. गोगलगायींच्या पेपरांना आहेत. सगळ्यात जीव तुटतो तो मेमध्ये. मगर फेब्रुवारी-मार्चमध्ये काठात खड्डा करून अंडी घालते, पिल्लं बाहेर येतात पावसाच्या तोंडावर. अंड्यातूनच ती क्यांव क्यांव करतात, मग आई वाळू उकरते आणि पिल्लं तोंडात धरून पाण्यात नेते. हे मला नऊ वर्षांत एकदाही मिळालेलं नाही. कारण त्याच दिवसांत मी कॅप सेंटरवर पेपर तपासत असतो.

आता प्रश्न. माझ्याकडे ११ टीबी साठलंय. यातलं चॅनेलवर टाकलेलं फार तर तीन तास. उरलेल्याचं काय करू? चाळीस मिनिटांची एक नीट फिल्म करावी असं मनात आहे. पण बसलो की कळत नाही, गोष्ट कशाची सांगायची?

---

शेंगदाणा_चटणी | १२ जानेवारी, रात्री ११.४१

मोड आलेल्या ज्वारीच्या उशीवर एक वेगळा धागा झालाच पाहिजे. वहिनींना दंडवत. बाकी सावकाश वाचतो, वाचनखूण साठवली.

---

डिस्कवाला | १३ जानेवारी, सकाळी ८.०५

गोष्टीचं नंतर बघू. आधी सांगा, ११ टीबीच्या प्रती किती? एकच असेल तर तुमच्याकडे ११ टीबी नाही, तुमच्याकडे नशीब आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. तुमच्या भागात पूर येतो, म्हणून दुसरं घर दुसऱ्या गावात.

आणि नुसत्या फायली नकोत. प्रत्येक क्लिपला तारीख, वेळ, जागा, हवामान. दहा वर्षांनी सुंदर मगर बघून कुणालाच काही कळणार नाही. ती कुठल्या दिवशी कुठं बसली होती, हे कळलं तर उपयोग.

---

काठावरचा | १३ जानेवारी, दुपारी १.५०

प्रती दोन, दोन्ही एकाच कपाटात. ओरडा. २०१९ ला पाणी आलं तेव्हा बायकोनं दागिन्यांच्या आधी डिस्क माळ्यावर टाकल्या होत्या. नंतर बरेच दिवस ऐकवलंय.

वही मात्र पहिल्या दिवसापासून आहे. तारीख, वेळ, हवा आणि आयर्विन पुलाचा आकडा. बाहेरच्यांसाठी: सांगलीत नदी फुटांत मोजतात. पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेली होती. सांगलीकर पावसाळ्यात एकमेकांना "जेवलात का" च्या आधी "किती झालं" विचारतात.

---

स्पष्टवक्ता | १३ जानेवारी, दुपारी ३.१२

करदात्यांच्या पैशातून पगार घ्यायचा आणि पक्षी बघायचे. छान आहे. मुलांना शिकवतं कोण?

---

तासिका_तत्त्व | १३ जानेवारी, दुपारी ४.३०

@स्पष्टवक्ता, मी शिकवतो. सातवं वर्ष, तासावर. तास झाला तर पैसे, दिवाळीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि झालेल्या तासांचे कधी मिळतील ते प्राचार्यांनाही ठाऊक नसतं. मीही बेडकांचे आवाज रेकॉर्ड करतो, मोबाईलवर. सर निदान पगारातून लेन्स घेतात. मला त्यांचा हेवा वाटतो, राग नाही. पहाटे सहा ते साडेनऊ त्यांनी कुठं बसायचं ते करदात्यांनी ठरवू नये.

---

नीरा_देवघर | १३ जानेवारी, रात्री ९.१८

शंका: आमच्याकडे जुने लोक सुसर म्हणतात. मगर आणि सुसर एकच का? आणि एक सूचना: ड्रोन घ्या ना. लेक्चर न बुडवता अर्ध्या तासात काम.

---

काठावरचा | १३ जानेवारी, रात्री १०.४०

सुसर म्हणजे लांब निमुळत्या तोंडाची, फक्त मासे खाणारी. ती गंगा, चंबळ, महानदीकडची. कृष्णेत आहे ती मगरच, रुंद तोंडाची. आमच्याकडेही म्हातारी माणसं सुसरच म्हणतात आणि मी दुरुस्त करत नाही. एकदा केलं होतं, तर गावातले एक म्हातारबा म्हणाले, "मग ती चावायची ऱ्हाती का?"

ड्रोनबद्दल. एकदा मित्राचा आणला होता. तेव्हा मळईवर (नदीतला वाळूचा उंचवटा) नदी सुरय या पाणपक्ष्यांची घरटी होती. घरटं म्हणजे काय, उघड्या वाळूत एक खळगा आणि त्यात तीन ठिपकेदार अंडी. एप्रिलच्या दुपारी वाळूवर पाय ठेववत नाही. सुरय पाण्यावर जातो, पोटाची पिसं भिजवतो, परत येऊन ओलं पोट अंड्यांवर टेकवतो. दर काही मिनिटांनी, दिवसभर. ड्रोन वर गेला आणि सगळे सुरय उडाले, आरडाओरडा करत त्याच्यामागं लागले. मी मनात आकडे मोजत होतो. उघडी अंडी उन्हात किती वेळ टिकणार? दीड मिनिटात ड्रोन खाली घेतला. पुन्हा नाही.

ती अंडी तशीही वाचली नाहीत. बाराव्या दिवशी उन्हाळी पिकांसाठी वरून पाणी सोडलं. दुपारी मळईची कड ओली झाली, चारला पहिलं अंडं तरंगलं. सुरय तरंगत्या अंड्यावर बसायचा प्रयत्न करत होता. ती क्लिप मी कधी टाकली नाही.

---

शेंगदाणा_चटणी | १३ जानेवारी, रात्री ११.०२

उचलून वर का नाही ठेवलीत हो?

---

काठावरचा | १३ जानेवारी, रात्री ११.१५

हा प्रश्न बायकोनंही विचारला. पुस्तकी उत्तर असं की हात लावू नये, कायदाही आडवा येतो. खरं उत्तर: मधे पाणी होतं आणि त्या पाण्यात कोण असतं ते मला नीट माहीत आहे.

---

वाशिष्ठीकर | १४ जानेवारी, सकाळी ७.३०

संक्रांतीच्या शुभेच्छा. तुमच्या नदीचं पाणी आम्ही वापरतो, म्हणून दोन शब्द. कोयना ही कृष्णेची उपनदी, पण कृष्णा पाणीतंटा लवादानं ठरवून दिलेलं ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला वळवतात. पोफळीला वीज करून ते आमच्या वाशिष्ठीत. मगरी मात्र आमच्या आमच्याच आहेत, त्या बोगद्यातून आलेल्या नाहीत (हा विनोद चिपळुणात दर पावसाळ्यात होतो). २०२४ च्या पावसात रस्त्यावर चालणाऱ्या मगरीचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. देशभर गाजला, पण रिक्षावाल्यानं दिवा लावून तिला निवांत जाऊ दिलं, हे कुणी बोललं नाही. ओहोटीला पाणी उतरलं की आमच्या मगरी कुठल्या बेटावर येऊन पडतात ते होडीवाल्यांना पाठ आहे. तुमच्या फिल्मची गोष्ट होडीवाल्यांकडे मिळेल, असं आपलं मला वाटतं.

---

कुंभारजुवें | १४ जानेवारी, सकाळी १०.०६

गोंयांतून नमस्कार. पौषी अमावास्या जवळ आली म्हणून सांगावंसं वाटलं. आमच्याकडे फोंडा तालुक्यात, दुर्भाट भागात खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन) शेतीवाले गावडे त्या दिवशी शेतात चिखलाची मगर थापतात. मानगे थापणी म्हणतात. अंगावर शिंपले खोचायचे, फुलं वाहायची, पूजा करायची. मानगे म्हणजे मगर. ती बांधाची राखण करते अशी समजूत. कॅमेरा घेऊन या एकदा. ती मगर साडेनऊची वाट बघायला लावत नाही.

---

स्पष्टवक्ता | १४ जानेवारी, दुपारी १२.२०

माझा आक्षेप तसाच आहे, पण दुर्भाटची माहिती आवडली.

---

मळीकाठची | १४ जानेवारी, रात्री १०.५५

सर, नाव सांगत नाही, पण तुम्ही मला ओळखाल. तुमचं चॅनेल आमच्या घरी बघतात. मी सध्या पुण्यात नोकरीला आहे. आमचं रान नदीला लागून, मळीचं. (पुणेकरांसाठी: मळी म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, जिथली वांगी तुम्ही कृष्णाकाठची म्हणून घेता. कारखान्यातून येते तीही मळीच. ती नदीत उतरली की मासे वर येतात. शब्द एकच, काय करणार.)

शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बाबा बाराला उठतात. मोटारीनं पाणी सोडलं, म्हणजे उपसणं बंद पडलं, की फुटवॉल (पाइपाच्या नदीतल्या टोकाची झडप) मोकळा करायला नदीत उतरावं लागतं. आमच्याकडे त्याला सरळ फुटबॉल म्हणतात. बाबा दातात बॅटरी धरून छातीएवढ्या पाण्यात, आणि आई काठावर तेलाचा पत्र्याचा डबा बडवत उभी. का, तर आवाजानं ती लांब राहते म्हणून. राहते का नाही ते तुम्हाला माहीत. आमचं कुत्रं दोन वर्षांपूर्वी नेलं. ज्या मगरीला तुम्ही व्हिडिओत 'म्हातारी' म्हणता, तीच. निदान आम्ही तरी तीच धरून चाललोय.

त्या व्हिडिओत ती एका सपाट दगडावर ऊन खात बसलीय. खाली लोकांनी 'काय रुबाब' लिहिलंय. सर, तो आमचा धुण्याचा दगड आहे. माझ्या आज्जीनं घातलेला. त्याला डाव्या कोपऱ्यात खाच आहे, मी लगेच ओळखला. तीन वर्षं झाली, धुणं आम्ही घरी धुतो.

मगरी मारा असं माझं म्हणणं नाही. बाबांचंही नाही, ते म्हणतात ती आधीपासनं हाय. पण त्या दगडाच्या उजव्या हाताला दहा फुटांवर आमची मोटार आहे, निळा पाइप आहे, चढावर आमचं गुऱ्हाळ होतं त्याची काईल (रस आटवायची मोठी कढई) पालथी पडलीय. तुमच्या व्हिडिओत यातलं काहीच नाही. नदी अशी दिसते की काठावर कुणी राहतच नाही. ते तुम्ही कसं काय जमवलं, एवढंच विचारायचं होतं.

---

शेंगदाणा_चटणी | १४ जानेवारी, रात्री ११.३०

पॉपकॉर्न घेऊन बसणार होतो. ठेवून दिले.

---

नीरा_देवघर | १५ जानेवारी, सकाळी ९.१०

ताई, मगरीच्या हल्ल्यात माणूस गेला किंवा जखमी झाला तर शासनाची मदत मिळते, त्या यादीत मगर आहे. दगडाला मात्र कुठली यादी नाही. धागाकर्ते, उत्तर द्या. टाळू नका.

---

काठावरचा | १६ जानेवारी, रात्री १२.४०

दोन दिवस गप्प होतो. काल रात्री ती मूळ क्लिप काढून बघितली. संपादन केलेली नव्हे, कच्ची. वहीत नोंद आहे: फेब्रुवारी, आयर्विन ७ फूट, वारा नाही, धुकं ९.१० ला गेलं.

कसं जमवलं ते सांगतो. ट्रायपॉड आधी जिथं लावला होता तिथून निळा पाइप दिसत होता. मी दोन पावलं डावीकडे सरकलो. तरी मोटारीचं झाकण येत होतं, मग लेन्स आणखी आत ओढली. नंतर एक बाई हंडा घेऊन उतारावर आल्या, मगर पाण्यात गेली. मी चिडलो होतो, क्लिपमध्ये माझं "च्यायला" ऐकू येतंय. त्या गेल्या, वीस मिनिटांनी मगर परत आली, मी घेतलं ते हे. त्या तुमच्या आई असाव्यात.

आणखी एक आहे, ते कुणी विचारलेलं नाही. त्या चॅनेलवरच्या क्लिपमध्ये कवड्या खंड्याचा आवाज आहे. तो खंड्या दुसऱ्या दिवशीचा, दुसऱ्या गावचा. मूळ आवाजात मागं कुठंतरी डबा वाजत होता. सकाळची वेळ, म्हणजे दिवसाची लाईट असेल. टाण टाण टाण, थांबून परत टाण टाण. मला वाटलं कुणी पाखरं हाकलतंय. 'गोंगाट' म्हणून मी तो काढला आणि वर खंड्या ठेवला. वर्गात मुलांना मी निरीक्षणातली प्रामाणिकता शिकवतो, दुसऱ्या सत्राला, चार गुणांसाठी.

मग आणखी कच्च्या क्लिपा लावल्या. पहाटे तीनपर्यंत. ऊसतोडीच्या बैलगाड्या, ट्रॅक्टरवरची गाणी, बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढताना माणसांची हाळी, अस्थिविसर्जन, एक म्हातारा नदीत उभा राहून मोबाईलवर भांडतोय. हे सगळं मी दरवेळी 'खराब' नावाच्या फोल्डरमध्ये टाकत गेलो. ११ टीबीतले ८ टीबी 'खराब' आहेत.

तुमची हरकत नसेल आणि बाबांची असेल तर सांगा, पण रात्रीच्या पाळीला मला यायचंय. म्हातारीसाठी नव्हे.

---

डिस्कवाला | १६ जानेवारी, सकाळी ८.२०

'खराब' फोल्डर डिलीट केलं नाहीत हे तुमचं नशीब. आजच तिसरी प्रत करा. आधी तीच करा.

---

मळीकाठची | १६ जानेवारी, दुपारी २.१५

आईच होती. तिला आठवतंय, म्हणाली "एक माणूस झाडात बसून शिव्या देत हुता."

बाबा म्हणाले, येऊ दे की, बॅटरी धरायला एक माणूस लागतोयच.

---

काठावरचा | ८ फेब्रुवारी, रात्री ९.३०

धागा वर काढतो, कारण काही जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

तीन रात्री जाऊन आलो. पहिल्या रात्री काहीच चित्रित केलं नाही. बॅटरी धरली आणि ती नीट धरता येत नाही म्हणून बोलणी खाल्ली. दुसऱ्या रात्री लाईटच आली नाही. तिसऱ्या रात्री सव्वाएकला कॅमेरा काठावर ठेवला, पाइप, मोटार, काईल सगळं दिसेल असा. आबा (ताईंचे वडील, मी आबा म्हणतो, चालतंय म्हणाले) पाण्यात उतरले. हातात लोखंडी सळई, तिनं आधी तळ चाचपतात. फुटवॉलच्या जाळीत जलपर्णीची मुळं आणि एक शाळेची पिशवी अडकली होती. काढायला अकरा मिनिटं लागली. अकरा मिनिटं म्हणजे किती ते मला त्या रात्री कळलं. आई डबा वाजवत होत्या, थकल्या की हात बदलत होत्या. नवव्या मिनिटाला पलीकडे, बंधाऱ्याच्या अंगाला, बॅटरीच्या उजेडात दोन तांबूस ठिपके चमकले. मी दचकलो, कॅमेरा हलला, ते क्लिपमध्ये दिसतं. आबांनी मागं न बघता विचारलं, "कुठंशी हाय?" मी म्हटलं, "लांब आहे." म्हणाले, "मग बॅटरी हिकडं धरा."

हलता तुकडा कापलेला नाही. आवाज आहे तसा आहे.

फुटवॉलला दोरी बांधून तो काठावरून ओढून घेता येईल का, यावर आबा आणि आमच्या कॉलेजातले भौतिकशास्त्राचे सर सध्या फोनवर वाद घालतात. मी मधे पडत नाही. फिल्म कशाची ते अजून ठरलेलं नाही, पण सुरुवात त्या दगडापासून होईल. खाचेसकट.

@स्पष्टवक्ता, तिन्ही दिवशी साडेदहाचं लेक्चर घेतलं. एकात झोप आली होती, कबूल.

---

तासिका_तत्त्व | ८ फेब्रुवारी, रात्री १०.०५

आवाजासाठी माणूस लागला तर मी येतो. सुट्टीत तास नसतातच. बेडूकवाला मोबाईल घेऊन.

---

मळीकाठची | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.४५

घरी सगळ्यांनी बघितलं. बाबा काही बोलले नाहीत, दोनदा लावून घेतलं. आईचं म्हणणं आहे की डब्याचा आवाज बारीक आलाय, ती याच्यापेक्षा जोरात वाजवते.